मुलांबरोबर मापात किल्ला, विमान, गाडी वगैरे करणारे आईबाबा, इकडे या

पायवाट

नमस्कार मंडळी,

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले तरी आमचा किल्ला अजून गॅलरीत तसाच आहे, बायको रोज विचारते कधी काढताय, मला मोडवत नाही आणि लेक मोडू देत नाही, म्हणून म्हटलं निदान त्याच्याबद्दल लिहून तरी टाकू.

गेल्या वर्षीपासून सांगतो. गेल्या वर्षी मी ऑफिसला दोन दिवस सुट्टी टाकून रायगड केला होता. विटा, गोणपाट, लाल माती, सगळं व्यवस्थित. लेक तेव्हा चौथीत. पहिल्या दिवशी ती माती कालवायला होती, दुसऱ्या दिवशी "तिकडे हात लावू नको, ओलं आहे" ऐकायला होती आणि तिसऱ्या दिवशी खाली सायकल खेळायला गेली. मला ते कळलंही नाही, मी टकमक टोक करण्यात गुंग होतो. किल्ला सुंदर झाला, सोसायटीत सगळे बघून गेले, आणि शेजारच्या काकूंनी तिला विचारलं काय गं तू केलास का, तर ती म्हणाली "बाबांचा आहे". रागाने नाही म्हणाली, अगदी सहज म्हणाली. तेच मला जास्त लागलं. माझ्या लहानपणी आमचा किल्ला "आमचा" असायचा, आणि मी तिच्याकडून तेवढंच काढून घेतलं होतं.

यंदा पाचवी. भूगोलात नकाशाचं प्रमाण चालू होतं, तर नवरात्रात एकदा जेवताना विचारते, बाबा आपला रायगड कितीला किती होता? मी म्हटलं असं काही नसतं किल्ल्याला, आपण अंदाजाने करतो. ती म्हणाली मग तो रायगड कसा?

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तर ठरलं की यंदा मापात करायचा, आणि प्रतापगड करायचा, कारण तो मे महिन्यात बघून झाला होता, आणि जुलैत आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यात तो आहे, शाळेत तक्ता लावलाय. शिवाय तो आटोपशीर आहे. खालचा किल्ला साधारण ३२० मीटर लांब आणि ११० मीटर रुंद. आमच्या गॅलरीत पावणेतीन फूट जागा मिळत होती. तिने वहीत भागाकार केले, १:१००० ला ३२ सेंटिमीटर, फारच लहान, १:२०० ला एक मीटर साठ, मावत नाही. १:५०० ला ६४ सेंटिमीटर. बसला! म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर. हे एक वाक्य तिने कागदावर लिहून गॅलरीच्या दाराला चिकटवलं आणि पुढचे बारा दिवस आमच्या घरात तोच कायदा होता.

आणि एक करार केला. मोजमाप तिचं, कटर माझा. मी काहीही कापायच्या आधी तिला विचारायचं किती, आणि ती सांगेल तेवढंच कापायचं, चुकीचं वाटलं तरी. हे सांगायला सोपं आहे, पण माझे हात अक्षरशः शिवशिवायचे. एकदा तिने माचीचा एक थर उलटा आखला, मला दिसत होतं, मी गप्प कापला. दोन थर वर चढल्यावर तिलाच दिसलं. तिने तो काढला, बघितला, परत आखला. पाऊण तास गेला. गेल्या वर्षी मी ते दोन सेकंदात "दे इकडे" म्हणून केलं असतं.

आता मावळ्यांचं सांगतो. किल्ला उभा राहिल्यावर आम्ही कुंभारवाड्यातून मातीची चित्रं आणली, महाराज, तोफा, भालदार, मावळे, नेहमीची. घरी येऊन तिने पहिला मावळा तटाशी ठेवला, बघितलं, आणि फूटपट्टी आणली. साडेसात सेंटिमीटर. मग दाराच्या कागदाकडे बघितलं, ओठ हलवत हिशोब केला आणि म्हणाली, बाबा हा मावळा साडेसदतीस मीटर उंच आहे. आमचा बुरूज होता सव्वादोन सेंटिमीटर. मावळा त्याच्या तिपटीहून उंच. तिच्या डोळ्यात पाणी आलं, कारण चित्रं तिला मनापासून हवी होती आणि कायदाही तिचाच होता. मी म्हणणार होतो राहू दे गं, कोण बघतंय. नाही म्हटलं. दोघं गप्प बसून होतो तेवढ्यात माझी आई आतून म्हणाली, दरबार खाली भरवा की पायथ्याशी, तिथे कुठलं माप आलंय. तसंच केलं. महाराज आणि सगळी मंडळी पाटावर खाली, आणि गडावर माणसाच्या जागी ज्वारीचे दाणे, कारण १:५०० ला माणूस साडेतीन मिलिमीटरचा होतो, आणि ज्वारीचा दाणा जवळपास तेवढाच असतो. एकेक दाणा तिने फेविकॉलने उभा केला, ६० दाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमण्यांनी निम्मी शिबंदी खाल्ली होती. परत लावले.

ह्या वर्षी काकूंनी विचारलं तेव्हा मी आत होतो. ती म्हणाली "आमचा आहे. एकास पाचशे."

तुम्ही कोणी असं काही करता का मुलांबरोबर? किल्लाच असं नाही, विमानं, जहाजं, गाड्या, घरं, काहीही. आणि स्वतःचे हात आवरता कसे?

खारीबिस्कीट

मस्त धागा! "मग तो रायगड कसा" वाचून थांबले दोन मिनिटं. फोटो टाका ना प्लीज.

एक प्रश्न, फ्लॅटच्या गॅलरीत एवढं वजन चालतं का, आणि डोंगर मातीचा केलात की कसला? आमच्याकडे गेल्या वर्षी माती धुऊन खालच्यांच्या गॅलरीत गेली आणि बरंच बोलणं झालं.

पायवाट

डोंगर पुठ्ठ्याचा आहे, खोक्यांचा. वरून गोणपाट मातीच्या पाण्यात बुडवून घातलंय, तेवढीच माती. सगळा मिळून मी एकटा उचलू शकतो. रंगावरून आमचं जरा झालं, मी तपकिरी म्हणत होतो, ती म्हणाली दगड काळा होता मी बघितलाय. कोळशाची पूड आणि थोडी गेरू. तिचं बरोबर होतं, आपला सह्याद्री काळाच. फोटो रविवारी टाकतो.

टीस्क्वेअर

अहो काय सुंदर लिहिलंय. मी ३४ वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली, त्यामुळे ह्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही, जरा लांबेल.

तुम्ही लांबी-रुंदी मापात केलीत, उंचीचं काय केलंत ते लिहिलं नाही. खरी गंमत तिथे आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, असते १:५०,००० ची, तिच्यावर ज्या तपकिरी वळणावळणाच्या रेषा असतात त्या समोच्च रेषा, एक रेष म्हणजे एक उंची, आणि दोन रेषांमध्ये २० मीटरचा फरक. तुमच्या १:५०० ला २० मीटर म्हणजे ४ सेंटिमीटर. नेहमीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा ५ मिलिमीटर धरला तर तो अडीच मीटर झाला, म्हणजे दोन रेषांच्या मध्ये ८ थर. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित लहान. जिथे रेषा जवळजवळ येतात तिथे थर एकमेकांवर सरळ येऊन कडा तयार होतो, आपोआप, तुम्हाला कडा "करावा" लागत नाही. माझ्या नातवाला हे दिसलं तेव्हा तो उठून उभा राहिला होता.

मुलांना समोच्च रेषा समजवायची जुनी युक्ती, बटाटा अर्धा कापून सपाट बाजू खाली ठेवून काचेच्या भांड्यात ठेवा, एक सेंटिमीटर पाणी घाला, पाण्याच्या कडेने बटाट्यावर पेनने रेष मारा, परत एक सेंटिमीटर पाणी, परत रेष. मग पाणी काढून टाका आणि बटाट्याकडे बरोबर वरून बघा. नकाशा तयार. दुसरीच्या पोरालाही कळतं.

अजून एक, थर चिकटवायच्या आधी सगळ्या थरांतून आरपार दोन भोकं पाडून बांबूच्या काड्या घाला, म्हणजे थर सरकत नाहीत आणि चुकलेला थर काढता येतो. चुकलेला थर काढता आला पाहिजे ही गोष्ट मुलांबरोबर फार महत्त्वाची.

पायवाट

@टीस्क्वेअर, साष्टांग. उंचीचं आम्ही अंदाजपंचेच केलं होतं, आणि ते मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. तिने उद्या हे वाचलं तर काही खरं नाही. बटाटा आजच करतो.

ओझरची_सून

आमच्याकडे किल्ला नाही, विमान. सासरे नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या कारखान्यात होते, निवृत्त होऊन २० वर्षं झाली. १९६४ मध्ये तो कारखाना मिग-२१ ह्या लढाऊ विमानासाठीच उभा राहिला आणि त्यांची अख्खी नोकरी त्याच विमानाच्या आसपास गेली, पण घरात ते कधी एक शब्द बोलायचे नाहीत. कामाचं बोलायचं नाही ही त्यांची सवयच. माझा मुलगा सातवीत, आजोबा म्हणजे टीव्हीचा आवाज कमी कर म्हणणारे, इतकीच दोघांची ओळख.

२६ सप्टेंबरला चंदिगडला मिग-२१ चा हवाई दलातून निरोप झाला तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितला, सासरे उठून खोलीत गेले. त्या आठवड्यात नवऱ्याने १:७२ चा प्लॅस्टिकचा किट मागवला. मुलासाठी मागवला होता खरं तर. मुलाने खोकं उघडलं, त्यात ते प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले सुटे भाग असतात, त्याला स्प्रू म्हणतात, त्यातून एक भाग त्याने हाताने पिरगाळून तोडला आणि पंखाला चीर गेली. सासरे मागे उभे होते. मला वाटलं आता ओरडणार. ते आत गेले आणि नखं कापायचं नेलकटर घेऊन आले. म्हणाले, जरा लांबून काप, मग काठ घासून घे. पंख असा ओढायचा नसतो.

तिथून सुरू झालं. रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ. १:७२ ला मिगचा पंखांचा विस्तार फक्त १० सेंटिमीटर होतो, तळहातावर मावतो. सासऱ्यांचे हात थरथरतात आता, त्यामुळे बारीक काम मुलगा करायचा आणि सासरे सांगायचे. नाकातला तो शंकू लावताना मुलाने विचारलं हा कशाला, तर ते म्हणाले ह्याच्या आत रडार असतं, आणि हा पुढेमागे सरकतो वेगाप्रमाणे, आत जाणारी हवा आवरायला. मग गप्प झाले. मग म्हणाले, मी हा हाताने पुसलाय.

किटच्या कागदावर लिहिलं होतं की विमान चाकांवर उभं राहायला नाकात वजन घाला, नाहीतर शेपटीवर बसतं. माशांच्या गळाचं शिसं मिळालं नाही, म्हणून सासऱ्यांनी त्यांच्या जुन्या डब्यातले दोन छर्रे काढून दिले. ते छर्रे त्या विमानात आहेत आता, बाहेरून दिसत नाहीत. फक्त त्या दोघांना माहीत आहे (आणि आता तुम्हाला).

शेवटी डीकल लावायचे होते, पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत बसवायचे तिरंगी गोल. मुलाने डावीकडचा लावला आणि उजवीकडचा आजोबांना दिला. थोडा तिरका बसला आहे. मुलगा म्हणाला राहू दे तसाच.

खारीबिस्कीट

ओझरची_सून, तो तिरका गोल कधीही सरळ करू नका.

काळीमाती

सगळ्यांचं वाचलं, छान आहे, पण मला थोडं वेगळं वाटतं ते लिहितो, राग नसावा.

आमच्या वाड्यात किल्ला ही पोरांची गोष्ट होती. मोठ्यांचं काम विटा द्यायच्या आणि ओरडायचं नाही. आम्ही सहा-सात जण मिळून करायचो, भांडायचो, कोणाचा तरी बुरूज कोणीतरी पाडायचं, किल्ल्याला नाव पण नसायचं. मावळा बुरुजापेक्षा मोठा होता आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. आता सगळीकडे आईबाबा आहेत. खेळात आईबाबा, प्रोजेक्टमध्ये आईबाबा, किल्ल्यात पण आईबाबा आणि वर भागाकार. आमच्या भागातल्या एका किल्ला स्पर्धेत मी परीक्षक होतो, तिथे १४ पैकी ९ किल्ले बापांनी केलेले होते हे मुलांना दोन प्रश्न विचारले की कळत होतं. पोरं बाजूला नवे कपडे घालून उभी. मला फार वाईट वाटलं. पोरांना चिखलात एकटं सोडा की.

पायवाट

@काळीमाती, राग कसला, तुमचे ते ९ बाप म्हणजे गेल्या वर्षीचा मीच आहे, तेच तर लिहिलंय.

पण एकटं सोडा ह्याबद्दल, आमच्या सोसायटीत तिच्या वयाची दोनच मुलं आहेत आणि दोघंही दिवाळीत गावाला जातात. वाडा नाही, सहा-सात जण नाहीत. मी नसलो तर ती एकटी आहे, तुमच्यासारखी टोळीत नाही. म्हणून मला टोळीतला एक व्हायचंय, फक्त टोळीचा मुकादम व्हायचं नाही. भागाकाराचं म्हणाल तर तो तिने काढला, मी नाही. आणि तिच्या हातात फूटपट्टी आली तेव्हाच मी गप्प बसायला लागलो हे खरं. अंदाजाने करताना मोठ्या माणसाचा अंदाज कायम जिंकतो, मला पंचवीस वर्षांची सवय आहे ना. माप काढल्यावर साडेसात सेंटिमीटर म्हणजे साडेसात, तिथे माझं वय चालत नाही.

काळीमाती

हे पटलं. टोळीतला एक, हे पटलं. पुढच्या वर्षी बिनमापाचा पण एक करा तिच्याबरोबर, नुसता चिखल.

अबोलीचा_गजरा

मला वाड्यातल्या पोरांवरून आठवलं. आमच्या वाड्यात पण किल्ला व्हायचा, दरवर्षी, आणि आम्हा मुलींना किल्ल्यासमोर रांगोळी काढायला बसवायचे. मी तीन वर्षं ठिपके काढत किल्ल्याकडे बघत होते. चौथ्या वर्षी मी भावाला म्हटलं मला गुहा करायची आहे, तो म्हणाला तू पाणी आण. आणलं पाणी.

माझी लेक आता नऊ वर्षांची आहे. गेली दोन वर्षं आम्ही दोघी करतो, मापबिप नाही, जमेल तसा, पण वीट मी उचलते आणि गुहा तीच करते, प्रत्येक वर्षी गुहा मोठी होते आणि किल्ला लहान. यंदा माझा भाऊ भाऊबीजेला आला होता, तिने त्याला सांगितलं मामा जरा पाणी आण. तिला ते जुनं काहीच माहीत नव्हतं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला आणि मग बादली घेऊन गेला.

एल्बकाठ

हॅम्बुर्गहून लिहितेय. इथे ऑक्टोबरात बाहेर सगळं ओलं आणि पाच-सहा डिग्री, त्यामुळे किल्ला हॉलमध्ये, ओव्हनच्या दोन मोठ्या ट्रेमध्ये. आम्ही सिंधुदुर्ग केला, कारण पाणी दाखवायचं असलं की ट्रे बरा पडतो, आणि नवरा मालवणचा.

आमचा मुलगा दहा वर्षांचा, मराठी समजतं पण उत्तर जर्मनमध्ये. मी पूर्वी मागे लागायचे, मराठीत बोल मराठीत बोल, आणि तो अजून गप्प व्हायचा. किल्ला करताना मात्र एक झालं की ज्या गोष्टी हातात होत्या त्यांना त्याच्याकडे जर्मन शब्दच नव्हता. तट, बुरूज, चर्या, जंग्या, दिंडी दरवाजा. जंग्या म्हणजे तटातली ती तिरकी भोकं, आतून बंदूक रोखायला. त्याने टूथपिकने सगळ्या तटाला जंग्या पाडल्या आणि शेजारच्या जर्मन मित्राला समजावत होता "दास इस्त आइनं जंगी". माझं मन भरून आलं, काय सांगू.

इथे बऱ्याच मुलांचं मॉडेलचं वेड मिनियाटूर वुंडरलांड ह्या प्रदर्शनामुळे सुरू होतं, २००१ पासून आहे, अख्खी गावं, विमानतळ, रेल्वे, सगळं १:८७ मध्ये. आम्ही चारदा गेलोय. तिथूनच त्याच्या डोक्यात माप बसलेलं. सिंधुदुर्गाचा तट साधारण ३० फूट उंच, १:१००० ला तो जेमतेम ९ मिलिमीटर झाला आणि तो खट्टू झाला की एवढासाच? मग नवऱ्याने त्याला सांगितलं की किल्ला ४८ एकरांवर आहे, तू वरून पक्ष्यासारखा बघतोयस, म्हणून तट लहान दिसतो. तेव्हापासून तो खुर्चीवर उभा राहून बघतो.

आणि ज्यांना परदेशात हळीव मिळत नाही त्यांच्यासाठी, इथे क्रेसं म्हणून भाजीवाल्यांकडे छोट्या खोक्यात उगवलेली मिळते, सूपवर घालतात, ती म्हणजे आपली हळीवच. बियापण मिळतात. कापसावर पेरा, चार दिवसांत हिरवंगार. बेटावर छान दिसतं.

टीस्क्वेअर

@एल्बकाठ, किनाऱ्यावरचे सपाट किल्ले करताना उंचीचं प्रमाण वेगळं घ्यायला हरकत नाही, आडवं १:१०००, उभं १:५००, तट दुप्पट दिसेल. आम्ही ऑफिसात पण रस्त्याच्या उभ्या छेदाला असंच करायचो. फक्त बाजूला लिहून ठेवायचं, म्हणजे लबाडी होत नाही. मुलाला विचारा चालेल का.

एल्बकाठ

विचारलं. चालणार नाही म्हणतो.

घाटातली_गाडी

रेल्वेवाल्यांनी पण हजेरी लावायला हवी.

माझा मुलगा आठवीत, आम्ही दोघं मिळून कागदाची डेक्कन क्वीन करतोय. विकतचं काही नाही, जाड कार्डपेपर, फेविकॉल, ब्लेड. वेड लागलं कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात, भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, १९९८ पासून लोकांना बघायला खुलं आहे, ज्यांनी मुलांना अजून नेलं नसेल त्यांनी ह्या सुट्टीत न्याच. दिवे मालवून रात्रीचं शहर दाखवतात तेव्हा माझा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा, माझं बोट घट्ट धरून होता.

आमचं माप १:८७, ज्याला एचओ म्हणतात. एलएचबी डबा (हल्लीचा नवीन पद्धतीचा) साडेतेवीस मीटरचा, म्हणजे आमचा डबा २७ सेंटिमीटर. (राणीला २०२२ मध्ये एलएचबी डबे आले, मला जुना निळा-पांढरा रेक जास्त जवळचा पण मुलाला नवीन हवी होती, गाडी त्याची आहे.) आता गोष्ट अशी की रूळ मात्र आम्ही तयार विकत आणले, १६.५ मिलिमीटरचे, एचओचे म्हणून सगळीकडे तेच मिळतात. मुलाने एका रात्री बसून हिशोब केला आणि मला अकरा वाजता उठवलं. म्हणाला बाबा, आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर, भागिले ८७, सव्वाएकोणीस येतात. हे रूळ अरुंद आहेत. बरोबर आहे, ते रूळ परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी असतात, मला इतकी वर्षं गाड्यांची आवड असून कधी सुचलं नव्हतं.

मी म्हटलं चालवून घेऊ, पावणेतीन मिलिमीटर कोणाला दिसतात. तो म्हणाला मला दिसतात. तर आता आम्ही रूळ पण स्वतः करतोय, बांबूच्या काड्या तासून, स्लीपर आइस्क्रीमच्या चमच्यांचे. एक फूट रूळ झालाय अडीच महिन्यांत. १ जून २०३० ला डेक्कन क्वीनला १०० वर्षं होतील तोपर्यंत पुणे स्टेशन पूर्ण करू असं ठरलंय, तेव्हा तो कॉलेजात असेल. बघू. मला घाई नाही.

हातमोजे

सगळं छान, फक्त दोन गोष्टी काळजीपोटी. कटरचं पातं बोथट झालं की बदला, बोथट पातं जास्त जोर लावायला लावतं आणि मगच निसटतं, माझ्या मुलाच्या अंगठ्याला तीन टाके पडलेत. कापताना पात्याच्या आधाराला स्टीलची पट्टी, प्लॅस्टिकची नाही. आणि प्लॅस्टिक किटचा पातळ गोंद, थिनर, स्प्रे हे सगळं खिडकी उघडी ठेवून, शक्यतो बाहेरच. फेविक्विक लहान मुलांच्या हातात नको.

उंबरठा

खूप दिवसांनी लॉगिन केलं फक्त ह्या धाग्यासाठी.

माझा मुलगा १५ चा. आम्ही दोघंच घरात. गेलं वर्षभर दार बंद, हेडफोन, हो-नाही एवढंच. तुमचं सगळ्यांचं वाचून वाटलं आपल्याला उशीर झाला का. लहान असताना तो खोक्यांची घरं करायचा आणि मी पसारा आवर म्हणायचे. आता एखादा किट आणून दिला तर "मी काय लहान आहे का" म्हणेल अशी भीती वाटते. हौस म्हणून महागाचं काही आणणंही जमणार नाही. काय करू?

टीस्क्वेअर

@उंबरठा ताई, माझा अनुभव सांगतो. माझा मुलगा त्या वयात माझ्याशी बोलत नसे. मी त्याला काही दिलं नाही, सांगितलं नाही. डायनिंग टेबलवर आमच्या स्वतःच्या घराचं मॉडेल करायला बसलो, १:५०, जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचं. खर्च शून्य. रोज रात्री अर्धा तास. नवव्या की दहाव्या दिवशी तो पाणी प्यायला आला, उभा राहून बघितलं आणि म्हणाला माझ्या खोलीची खिडकी एवढी मोठी नाहीये. मी टेप त्याच्या हातात दिला. तो मोजून आला. एवढंच.

तुम्ही स्वतः काहीतरी करायला बसा. त्याला बोलवू नका. आणि एखादं माप चुकलं तर चुकू द्या.

ओझरची_सून

उंबरठा, उशीर नाही हो. आमचे सासरे ८० चे आहेत.

उंबरठा

टीस्क्वेअर काका, लग्नपत्रिका पुष्कळ आहेत घरात. आज हॉल मोजला. चौदा फूट दोन इंच बाय दहा फूट.

पायवाट

रविवारी फोटो टाकतो म्हटलं होतं ते राहिलं कारण रविवारी आम्ही प्रतापगडावर होतो. १० नोव्हेंबर आलेलाच होता, १६५९ च्या अफझलखान भेटीची इंग्रजी तारीख, लेकीने कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता, पण सोमवारी शाळा म्हणून आदल्या दिवशी.

आधी बटाटा झाला (दोन बटाटे झाले, एक आजीने केला), त्यावरून तिला कळलंच की आमची उंची अंदाजाची आहे. मी कबूल केलं. रागावली नाही, तिने दप्तरात पाच मीटरचा टेप टाकला.

गडावर एका बुरुजापाशी ती थांबली. एवढा उंच टेप लागत नाही, मला वाटलं आता विचारेल. तिने खालच्या एका दगडाच्या थराची उंची मोजली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, सरासरी काढली, आणि मान वर करून थर मोजायला लागली. मध्येच एक कुटुंब आडवं आलं आणि आकडा चुकला, परत पहिल्यापासून. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो, ऊन चढत होतं, आई सावलीत बसून भडंग खात होती. तिसऱ्यांदा मोजल्यावर आकडा जमला, तिने वहीत गुणाकार केला, पाचशेने भागलं, आणि वही माझ्याकडे केली. आमचा बुरूज तीन मिलिमीटर बुटका आहे.

रात्री दहाला घरी पोचलो. हात-पाय धुवायच्या आधी ती गॅलरीत. आज बुरुजावरचे ज्वारीचे दाणे उतरवून वाटीत ठेवलेत, पुठ्ठ्याचा थर आखून झालाय आणि ती हाक मारतेय, कटर घेऊन जायचंय. फोटो थर बसल्यावर.